चरबीची वाट: एका जळालेल्या इलेक्ट्रिक स्मोकरच्या दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४. लिएंडर, टेक्सस

उद्या आषाढ अमावास्या, सोमवारपासून श्रावण. म्हणून आज संध्याकाळी दादांकडे बेत होता. दादा आमच्याच रस्त्यावर राहतात, मूळचे सांगलीचे. त्यांचे वडील, म्हणजे काका, सध्या इथे आलेले आहेत. घरामागच्या लाकडी डेकवर इलेक्ट्रिक स्मोकर, म्हणजे मांस धुरावर मंद आंचेने शिजवायची विजेवरची पेटी, सकाळपासून चालू होता. वरच्या जाळीवर पोर्क बेली, खालच्या दोन जाळ्यांवर कातडीसकट कोंबडीच्या तंगड्या.

साडेपाचच्या सुमारास वरच्या झडपेतून येणारा धूर बदलला. एरवी तो पातळ, निळसर असतो. तो दाट, पिवळट-काळा झाला आणि करपट वास आला. जाळीला लावलेल्या वायरलेस तापमापकाचा आकडा ११० अंश सेल्सियसवरून बघता बघता १६०, मग २०० वर गेला. आत काय झालं ते बघायला दादांनी दार उघडलं. कोणीही तेच केलं असतं. आत हवा शिरली आणि तळातून सरळ वरपर्यंत भडका उठला.

पुढचा क्रम जसा घडला तसा लिहून ठेवतो, कारण उद्या प्रत्येक जण वेगळा सांगेल. दार लोटून बंद केलं. लांब लाकडी पळीने, हाताने नाही, कारण हँडल तापलेलं होतं. मुलांना वहिनींनी घरात नेलं. मी भिंतीवरच्या सॉकेटमधून प्लग ओढला. स्मोकरवरच्या बटणाकडे हात नेला नाही. तेवढ्यात काकांनी बागेतली पाण्याची नळी उचलली होती. "काका, पाणी नको, थांबा!" असं मी ओरडूनच सांगितलं. ते थांबले. मग चिमट्याने वरची झडप बंद केली.

काकांना नंतर शांतपणे समजावलं, ते इथेही लिहितो. जळती चरबी दीडशे-दोनशे नव्हे, त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते. पाणी तिच्यापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होतं. ती वाफ वरची जळती चरबी उडवते, आणि पेटीतली आग डेकवर, कुंपणावर, माणसाच्या अंगावर येते. शिवाय आत वीज खेळत असेल तर तो धोका वेगळाच.

दार आणि झडप बंद झाल्यावर आगीला हवा मिळेना. फटींतून थोडा वेळ धूर येत राहिला, मग कमी झाला. फोन हातात होता. ज्वाळा फटींबाहेर आल्या असत्या किंवा डेकच्या फळीने पेट घेतला असता तर तिथेच ९११ ला फोन करायचा, असं वहिनींशी ठरलं होतं. ती वेळ आली नाही. तापमापकाचा आतला काटा जळून गेला होता, त्यामुळे आकड्याचा आधार नव्हता. बाहेरच्या पत्र्याला सहज हात लावता येईपर्यंत कोणालाही दार उघडू दिलं नाही. ज्वाळा विझल्या तरी चरबी तापलेली असते, आणि अशा चरबीला हवा मिळाली की ती पुन्हा पेट घेते.

जेवायला पिठलं-भाकरी केली.

रविवार, ४ ऑगस्ट

सकाळी स्मोकर आमच्या गॅरेजसमोर आणला. दादा टाकून देणार होते. मी म्हटलं, श्रावणभर तो तसाही बंदच राहणार आहे, तेवढ्यात काय झालं ते शोधतो. दुरुस्त होण्यासारखा असेल तर करतो, नसेल तर भंगारात. आग का लागली हे कळल्याशिवाय नवा आणला तरी पुढच्या उन्हाळ्यात तेच होईल, ही माझी खरी काळजी.

यंत्राची रचना साधी आहे. दुहेरी पत्र्याची कपाटासारखी पेटी, मधे उष्णतारोधक लोकर. तळाशी ८०० वॉटचं एलिमेंट, म्हणजे विजेवर तापणारी वाकवलेली धातूची नळी. त्याच्यावर धुरासाठी लाकडाच्या चिप्सची (ढलप्यांची) छोटी पेटी, तिच्याशेजारी पाण्याचं भांडं. त्यांच्यावर जाळ्या. तळाला उतार, मागच्या बाजूला भोक, भोकाखाली बाहेर चरबीचा डबा.

म्हणजे चरबी वरून पडते आणि विस्तव खाली आहे. सगळी सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे: चरबीने एलिमेंटला वळसा घालून भोकापर्यंत पोचावं. काल ती वाट तीन ठिकाणी मोडली होती.

पहिलं, तळाच्या थाळीवर ॲल्युमिनियमची फॉइल अंथरलेली होती. सफाई सोपी व्हावी म्हणून खूप जण अंथरतात. पण फॉइलला भोकापाशी छिद्र नव्हतं. चरबी भोकातून गेलीच नाही. बाहेरचा डबा जवळजवळ कोरडा निघाला. थाळीत मात्र बोटभर जाड जळका थर.

दुसरं, डेकचा उतार. पावसाचं पाणी घराकडे येऊ नये म्हणून इथे डेक आणि पॅटिओ बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवतात, साधारण फुटाला पाव इंच. स्मोकरची पाठ घराकडे होती. म्हणजे पेटी पुढे कललेली आणि भोक मागे. पाणसळ ठेवून पाहिली, बुडबुडा सरळ एका टोकाला गेला. चरबी दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात साचत होती, आणि एलिमेंटचा वाकलेला भाग नेमका तिथेच येतो.

तिसरं, पाण्याचं भांडं कोरडं पडलं होतं. भांड्यात पाणी आहे तोवर त्यात पडलेली चरबी पाण्यावर तरंगते आणि १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी संपलं की तीच चरबी कोरड्या पत्र्यावर, एलिमेंटच्या अगदी वर, तळली जाते. फोडणीचं तेल गॅसवर विसरलं की आधी धुरकटतं आणि मग कढईतच पेटतं, तसंच इथे झालं. भांड्याच्या कडेवर उकळून उतू गेल्याच्या काळ्या रेघा स्पष्ट दिसतात.

जळाल्याच्या खुणा पाहता सुरुवात भांड्यात झाली, मग उतू गेलेली चरबी एलिमेंटवर पडली, आणि थाळीत साठलेल्या चरबीने आग पोसली. भिंतींवर जुन्या धुराचा डांबरासारखा थर होता, तोही पापुद्रे निघून जळला आहे. त्या थराकडे लोक 'चव मुरली आहे' म्हणून पाहतात. पातळ, चकचकीत थर असेल तर ठीक. जाड होऊन सुटायला लागला की ते जळण आहे.

शनिवार, १० ऑगस्ट

दिवसभर सफाई. बाहेर ३९ अंश, गॅरेजात त्याहून जास्त.

जाळ्या, थाळी, भांडं, चिप्सची पेटी सगळं काढलं. घट्ट झालेली चरबी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडली, वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. सिंकमध्ये अजिबात नाही: गरम पाण्याबरोबर ती वाहून जाते खरी, पण पुढे थंड नळात गोठते आणि नळ तुंबतो. डुकराची चरबी तीस-चाळीस अंशांपाशीच गोठायला लागते. (हिवाळ्यात स्मोकरच्या भोकाखालच्या नळीतही हेच होतं. आत सगळं वितळलेलं, बाहेर नळी गार, चरबी तिथे गोठते आणि मागे तुंबते. जानेवारीसाठी लक्षात ठेवायचं.)

भिंती गरम साबणाच्या पाण्याने, मग तारेच्या घासणीने. डांबरी थर गेला आणि खाली पत्रा शाबूत निघाला. तळाच्या एका शिवणीपाशी मात्र तो फुगलेला वाटला. मागचा पत्रा रिव्हेट काढून उघडला. शंका खरी निघाली: शिवणीतून चरबी आतल्या लोकरीत झिरपली होती आणि तळहाताएवढा भाग तपकिरी, चिकट झाला होता.

ही जागा मी सगळ्यात गांभीर्याने घेतो. लोकर स्वतः जळत नाही, पण चरबी पिऊन बसलेली लोकर दिव्याच्या वातीचं काम करते. पेटीच्या भिंतीच्या आत, कोणाला दिसणार नाही अशी धुमसत राहते. भिजलेली सगळी लोकर कापून काढली. तिथे खनिज लोकर भरली. ती हजार अंशांपर्यंत टिकते. शिवण उच्च तापमानाच्या, अन्नाजवळ चालणाऱ्या सिलिकोनने आतून बंद केली. ती जागा एलिमेंटपासून लांब आहे, म्हणून सिलिकोन चालेल. जवळ असती तर नसतं वापरलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

नवं एलिमेंट आणि टर्मिनल (वायर एलिमेंटला जोडणारी टोकं) मागवली. साधी टर्मिनल नाहीत. निकेलचा मुलामा दिलेली पोलादी, ४८२ अंश सेल्सियसपर्यंत चालणारी.

शनिवार, १७ ऑगस्ट

विजेचं काम. आधी प्लग काढून, प्लगचं टोक डोळ्यांसमोर ठेवून.

जुन्या एलिमेंटचा रोध मल्टिमीटरवर बरोबर आला. ८०० वॉट, १२० व्होल्ट म्हणजे सुमारे पावणेसात अँपिअर, रोध १८ ओहमच्या आसपास. एवढ्यावर 'चांगलं आहे' म्हणून बरेच जण पुढे जातात. पण एका टोकापासून बाहेरच्या धातूच्या नळीपर्यंत मोजलं तर तिथेही वाचन येत होतं, जिथे काहीच यायला नको. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. ती हवेतली आर्द्रता शोषते, आणि टोकाचं सील आगीत गेलं की अधिकच. मग वीज नळीत झिरपते.

इथे घराबाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लागतोच. सुमारे ५ मिलिअँपिअर गळती झाली की तो पडतो. भारतात हेच काम करणाऱ्या घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या असतात, त्या मानाने हा फारच जागरूक. पावसाळ्यानंतर किंवा बरेच महिने बंद ठेवलेल्या स्मोकरने जीएफसीआय पाडला तर लोक वैतागून तो साध्या सॉकेटवर लावतात. तसं करू नये. दमट एलिमेंट असेल तर कमी आंचेवर सुकवता येतं. सील गेलेलं असेल तर बदलायचं. हे बदललं.

टर्मिनलची अवस्था सांगण्यासारखी आहे. एक पांढरट होऊन ठिसूळ झालेलं, पक्कड लावताच तुटलं. त्याच्या मागच्या वायरचं आवरण दोन बोटं जळालेलं. ही जुनी दुखापत आहे, आगीमुळे झालेली नाही. सैल टर्मिनल तापतं, तापून आणखी सैल होतं. चरबी बाजूला ठेवली तरी कधी ना कधी इथूनही आग लागली असती. वायर चांगल्या भागापर्यंत कापली, नवी टर्मिनल दाबून बसवली, ओढून पाहिली.

उष्णता मर्यादेबाहेर गेली की वीज तोडणारा कटआउटही नवा घातला. तो आगीत होरपळलेला होता. मीटरवर ठीक दाखवला तरी अशा भागावर विश्वास ठेवायचा नाही, किंमतही फार नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

रिकामा चालवला. ना मांस, ना चिप्स, ना पाणी. २७५ अंश फॅरनहाइट म्हणजे १३५ सेल्सियस, तीन तास. नवं एलिमेंट आणि साबणाचे अवशेष जाळून काढायला हे करावंच लागतं. जीएफसीआय एकदाही पडला नाही.

मग आजचं खरं काम. के-टाइप थर्मोकपल (जास्त तापमान मोजणारी तार) एलिमेंटच्या नळीला तारेने घट्ट बांधलं. चमकत्या धातूवर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक फसवते, ती वापरली नाही. पेटीवरचा आकडा २२५ फॅरनहाइट, म्हणजे १०७ सेल्सियस. थर्मोकपलवर, एलिमेंट चालू असताना, ५०० सेल्सियसच्या वर. संध्याकाळी अंधार पडल्यावर दाराच्या फटीतून पाहिलं तर नळीवर मंद तांबडा रंग दिसत होता. धातू साधारण ५२५ अंशांपासून असा दिसू लागतो.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि दादांना पाठवले. पेटीवर दिसतं ते हवेचं तापमान. डुकराची चरबी १९० अंशांपाशी धुरकटते, साडेतीनशे-चारशेच्या दरम्यान ठिणगीशिवाय आपोआप पेटते. 'माझा स्मोकर १३५ च्या वर जातच नाही, मग आग कशी लागेल?' या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे. एलिमेंटवर पडलेला प्रत्येक थेंब पेटण्याच्या तापमानाला पोचतो. एखादा थेंब चर्र करून धुरात जातो, काही होत नाही. पाठोपाठ थेंब पडले, खाली साठा असला, वर काजळी आणि चरबी पिऊन बसलेल्या चिप्स असल्या, की आग धरते.

शनिवार, २४ ऑगस्ट

चरबीची वाट नव्याने बांधली. या दुरुस्तीतलं मला सर्वांत आवडलेलं काम.

इथून तासाभराच्या अंतरावर लॉकहार्ट आहे, टेक्ससच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये 'बार्बेक्यूची राजधानी' म्हणून गौरवलेलं गाव. तिथल्या जुन्या विटांच्या भट्ट्यांमध्ये पोस्ट ओक या झाडाच्या लाकडाचा विस्तव भट्टीच्या टोकाला असतो, मांस पुढे, धुराड्याच्या दिशेने. उष्णता आणि धूर आडवे जातात. मांसाची चरबी विस्तवावर पडतच नाही. इलेक्ट्रिक पेटीत जागा वाचवण्यासाठी तीच मांडणी उभी केली आहे. मग मधे छप्पर तरी हवं.

१.२ मिलिमीटर जाडीचा, ३०४ प्रतीचा स्टेनलेस पत्रा घेतला. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा स्वस्त मिळतो, पण स्मोकरच्या आत तो वापरायचा नाही. जस्त तापून निघणारी वाफ विषारी. पत्रा मधे किंचित वाकवून मागच्या बाजूला उतार दिला, मागची कड पन्हळीसारखी वळवली, पन्हळीचं तोंड थेट भोकावर. एलिमेंट आणि चिप्सची पेटी दोन्ही या छपराखाली, आणि छप्पर त्यांच्यापेक्षा चहूबाजूंनी दोन इंच पुढे. भिंतीपासून मात्र इंचभर मोकळं, नाहीतर उष्णता वर जाणार कुठून?

चाचणीसाठी आधी पाणी ओतलं. बरोबर गेलं, पण पाणी आणि चरबी सारखी वाहत नाहीत. म्हणून शेंगदाण्याचं तेल किंचित कोमट करून त्यात हळद कालवली, एलिमेंटखाली पांढरा कागद पसरला आणि प्रत्येक जाळीच्या चारही कोपऱ्यांतून चमचा चमचा तेल सोडलं. तीन कोपरे ठीक. डाव्या पुढच्या कोपऱ्यातून तेल जाळीच्या खालच्या सळईला धरून भिंतीपर्यंत गेलं, भिंतीवरून ओघळलं आणि कागदावर एलिमेंटच्या टोकाशी पिवळा डाग पडला. पाण्याने हे कधीच दाखवलं नसतं. त्या बाजूला भिंतीला चिकटून एक छोटी वळचण बसवली, तिचा उतार छपरावर. पुन्हा हळदीचं तेल. कागद कोरा.

पाण्याचं भांडंही एलिमेंटच्या डोक्यावरून हलवलं. आता ते छपराच्या वर, मागच्या बाजूला. त्याशिवाय, मांसाच्या लगेच खालच्या जाळीवर स्टीलची पसरट परात, तिच्यात बोटभर पाणी. बहुतेक चरबी तिथेच अडेल. काही जण पाण्याऐवजी वाळू घालतात, कारण वाळू आटत नाही. पण वाळूत चरबी मुरते, आणि पुन्हा ती वातच.

फॉइल अंथरायचीच असेल तर परातीत. तळाच्या थाळीवर नाही, कोणत्याही कारणाने नाही.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

संध्याकाळी दादांकडे जाऊन जागा बघितली. आधी स्मोकर डेकवर, घराच्या भिंतीपासून हातभर, वर पत्र्याखालच्या लाकडी वळचणीला जवळ. आता फरसबंदीवर, मोकळ्या आभाळाखाली, घरापासून आणि लाकडी कुंपणापासून दहा फुटांवर. पायांखाली सपाट दगडी फरशा, पाणसळ लावून, मागे अगदी किंचित उतार. वायर पोचते, एक्स्टेन्शन लागत नाही. लागलीच असती तर १२ गेजची, बाहेर वापरायची, आणि जेवढी गरज तेवढीच लांब.

कुंपणापलीकडे वाळलेलं गवत आणि सीडर आहे. इथे ज्याला सीडर म्हणतात तो खरा ॲश ज्युनिपर, तेलकट, भराभर जळणारा. सप्टेंबर २०११ मध्ये टेक्ससमधल्याच बॅस्ट्रॉपला लागलेल्या वणव्यात १६०० हून जास्त घरं गेली. दुष्काळ, वारा, आणि वाऱ्याने विजेच्या तारांवर पडलेली झाडं, एवढंच पुरलं. त्यामुळे काउंटीचा बर्न बॅन (उघड्यावर जाळ करण्यावरची बंदी) लागू असेल किंवा वारा जोराचा असेल, त्या दिवशी स्मोकर इलेक्ट्रिक असला तरी लावायचा नाही, असं दादांनी स्वतःहून ठरवलं. मला ते फार पटलं.

अग्निशामक नळकांडं त्यांच्याकडे होतं, पण स्वयंपाकघरात, ओट्याखाली. तिथे जायला डेकवरूनच वाट. आता ते अंगणाच्या दुसऱ्या दाराशी, उंच खिळ्यावर. पाच पौंडांचं, एबीसी कोरड्या भुकटीचं. अमेरिकेत यातला 'सी' म्हणजे विजेची उपकरणं, आणि स्वयंपाकाच्या तेला-चरबीसाठी वेगळा 'के' वर्ग आहे. भारतात 'सी' म्हणजे वायूच्या आगी. इथून भारतात परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. घरच्या अंगणात एबीसी चालतं, पण सहा ते आठ फुटांवरून. जवळून मारलं तर भुकटीच्या जोराने चरबी उडते. आणि दार बंद करून आग गुदमरत असेल तर भुकटी मारण्यासाठी दार उघडायचं नाही. ज्वाळा बाहेर आल्या असतील, पळायची वाट पाठीमागे मोकळी असेल, तरच. भुकटी मारलेलं मांस टाकून द्यायचं, आणि पेटी लगेच धुवायची, कारण ती भुकटी पत्रा खाते.

शेजारी खाण्याच्या सोड्याचा मोठा डबा ठेवला. बाहेरच्या डब्यात किंवा परातीत छोटी आग दिसली तर सोडा पुरतो. तापून त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पीठ आणि साखर नाही, ती स्वतःच जळतात.

नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही १८९६ पासून आगीचं काम करणारी इथली संस्था. ग्रिलच्या आगींबद्दल तिचं म्हणणं असं की त्या सर्वाधिक जुलैत लागतात आणि सफाई न करणं हे त्यांचं एक मुख्य कारण आहे. आमची ऑगस्टमधली, पण कारण त्याच घरातलं.

रविवार, ८ सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती. विसर्जन झालं. काम नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

मांसाची पहिली चाचणी. पोर्क शोल्डर, आठ पौंड, म्हणजे साडेतीन किलोच्या वर. वरचा चरबीचा थर पाव इंचापर्यंत तासला. जास्त चरबीने चव वाढते हा समज आहे. जाड थर आत मुरत नाही, वितळून खाली जातो. तासलेली चरबी फ्रीझरमध्ये.

पहाटे पाचला लावलं, २२५ फॅरनहाइटवर. पेकानच्या चिप्स एका वेळी मूठभर, कोरड्या. भिजवल्याने त्या मंद जळतात असं सांगतात, पण पाणी लाकडात फारसं शिरत नाही. फक्त आधी वाफ, मग धूर. चिप्स खच्चून भरल्या की दार उघडताना पेट घेतात, आणि एकदा त्यांच्या ज्वाळा झाल्या की खाली-वर जी चरबी असेल ती पेटते.

मी आणि काका आळीपाळीने बसलो. जाळीवरच्या तापमापकाला १५० सेल्सियसची धोक्याची घंटा लावली. मांसाच्या नव्हे, हवेच्या तापमानाला. बहुतेक जण घंटा फक्त मांसाला लावतात. आगीच्या दिवशी ही लावलेली असती तर दार उघडण्याआधी पाच-सात मिनिटं मिळाली असती.

परातीत आणि भांड्यात दर दोन तासांनी पाणी, तेही गरम. थंड ओतलं तर पेटीचं तापमान पडतं आणि एलिमेंट बराच वेळ सलग चालतं. वेळेकडे काकांनी जे लक्ष ठेवलं त्याला तोड नाही. वहीत घड्याळाची वेळ, तापमान, 'पाणी घातले' असं सुवाच्य अक्षरात.

दुपारी ७० अंशांपाशी मांस अडकलं. वरून घाम सुटावा तसं पाणी उडतं आणि मांस स्वतःला गार ठेवतं, तासन्‌तास आकडा हलत नाही. इथे घाई करून तापमान वाढवायचा मोह होतो. वाढवलं नाही. रात्री ९५ अंशांना उतरवलं, बोटांनी सुटत होतं. पावाबरोबर आणि वहिनींच्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्लं. काका म्हणाले, "इतकं मऊ, पण थोडं मीठ कमी." खरं आहे.

रविवार, १५ सप्टेंबर

पेटी गार झाल्यावर उघडली. परातीत पाण्यावर गोठलेली पांढरी चरबी, उचलून वजन केलं: २१० ग्रॅम. बाहेरच्या डब्यात चार चमचे. छपरावर पातळ ओघळ, पन्हळीकडे गेलेला. एलिमेंटवर टॉर्च मारून, आरसा धरून, खालून-वरून पाहिलं. नळी कोरडी, एकही डाग नाही. त्याखालच्या थाळीवर फक्त थोडी राख.

ही २१० ग्रॅम चरबी आधीच्या रचनेत तळाच्या थाळीत, दाराकडच्या कोपऱ्यात, तापलेल्या नळीशेजारी जमली असती.

बाहेरचा डबा रात्रीच रिकामा करायला हवा. सकाळी त्याभोवती लाल मुंग्यांची रांग होती, आणि कोणीतरी, बहुधा रकूनने, तो उलटा करायचा प्रयत्न केलेला. डब्याला आता झाकण आणि कडी.

शनिवार, २१ सप्टेंबर

पक्षपंधरवडा चालू आहे, आता दसऱ्यापर्यंत स्मोकर लागणार नाही. दादांकडे पोचवला आणि नव्या जागी बसवला. दाराच्या आतल्या नाही, बाहेरच्या बाजूला, प्लास्टिकच्या पाकिटात मराठीतला कागद चिकटवला, काकांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. वर आगीच्या वेळचं: दार बंद, प्लग भिंतीतून काढा, झडप बंद, सगळे लांब, पाणी नाही, ज्वाळा बाहेर दिसल्या तर ९११. खाली लावण्यापूर्वीचं: थाळी साफ, भोकात काडी घालून बघा, परातीत पाणी, पाणसळ, हवेची घंटा. कागदावरचा क्रम बदलायचा का, यावर बराच वेळ बोललो. वहिनींचं म्हणणं, "प्लग आधी." माझं म्हणणं दार आधी, कारण हवा तिथून जाते. दोघं जण असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकटा असेल तर दार आधी, असं ठरलं आणि तसंच लिहिलं.

राहिलेलं काम: दाराचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी कडेची पट्टी, खालच्या बिजागरीपाशी चपटलं आहे. कागदाची पट्टी दारात धरून ओढली तर तिथून सहज निसटते, बाकी सगळीकडे अडकते. आग दार बंद करून विझवायची असेल तर ही फट बुजायला हवी. नवं गॅस्केट मागवलं आहे. ते बसेपर्यंत स्मोकरचा प्लग वहिनींच्या कपाटात राहील.